भावनाची चकती

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, भावनाचा नवरा म्हणून मला एकच हक्क आहे: हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ खरवडायचा. गॅरेज हिचं! तिथे जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चिमटे, मशीन ऑइल आणि साफसफाईला माझे टूथब्रश. जुनेच घेते म्हणे. परवा नवाकोरा गेला!

दिवसा बाईसाहेब इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतात. तिथे काय नि गॅरेजात काय, चूक दिसली की सुट्टी नाही. "चुकीचं चालणारं मशीन मी हातावेगळं करत नाही," हे हिचं ब्रीद.

यंदा माझी आई नागपूरचं घर आवरून कायमची आमच्याकडे आली. साडीत गुंडाळून एक रेकॉर्ड प्लेअर आणि एकच रेकॉर्ड आणली. तिचे बाबा भीमगीतं गायचे. ते गेले तेव्हा ती रांगत होती. तिला बाबा ठाऊक ते या रेकॉर्डमधूनच, आणि प्लेअर तर प्रवासात मुका झालेला.

"बोलतं कर ना गं भावना," आई म्हणाली.

हिने तारा जोडल्या, ट्रान्सफॉर्मर लावला आणि आजोबा चिरक्या आवाजात पळतच सुटले! मी फसकन हसलो. आई रडवेली झाली.

"हे माझे बाबा नाहीत बाप्पा!"

मी अक्कल पाजळली, "कॉम्प्युटरवर घेऊ यार, स्पीड कमी करू."

"तू गप रे! आई, इथल्या विजेवर मोटार जास्त पळते. तिची पितळी पुली जरा घासते, बारीक झाली की स्पीड उतरेल. पण घासलेलं परत येत नाही, म्हणून बेतानं."

पॉलिश पेपरनं घासून हिने प्लेअरवर पट्ट्यांची कागदी चकती ठेवली. जुन्या ट्यूबलाइटखाली फिरताना पट्ट्या स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. पट्ट्या थांबल्या. "परफेक्ट!"

आईनं ऐकलं. "आवाज अजून भारदस्त होता गं."

"तुमच्याकडे व्होल्टेज कमी असायचं, आई. प्लेअर हळू चालत असणार. खरा आवाज हाच."

"असेल बाई खरा," आई रेकॉर्ड कव्हरात घालू लागली. "मला ओळखू येत नाही, एवढंच."

भावनानं चकती ड्रॉवरमध्ये टाकून पुन्हा पॉलिश पेपर घेतला. "बसा इथे. तुम्ही थांब म्हणाल तिथे थांबते."

जरा घासायचं, लावायचं, ऐकायचं. असं बरंच चाललं. मग आईचा हात वर गेला.

"थांब! आले बाबा."

आणि आई त्यांच्याबरोबर गाऊ लागली.

ब्रीदाची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण हिचेच डोळे भरलेले. चुकीच्या स्पीडचा तो प्लेअर हिने स्वतः उचलून आईच्या खोलीत ठेवला.