गाडी उशिरा येवो, आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीत, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कुणी उठलं की दोन-चार रविवारांआड तीच गोष्ट निघते. साहेब-मॅडम निघाले तेव्हा सगळ्यांनी प्रार्थना केली आणि देवाने विमान थांबवलं! मंडळी टाळ्या वाजवतात. मी शेवटच्या बाकावर पायातल्या चपला बघत बसतो. आता माझंही वय झालं, तेव्हा खरं काय घडलं ते लिहून टाकतो.

साहेब आणि मॅडम म्हणजे परदेशातून नागपूरला आलेलं मिशनरी जोडपं. मी त्यांची गाडी चालवायचो. साहेब मराठी इथेच शिकले, त्यामुळे बोलायला लागले की पाहुणे गोऱ्या चेहऱ्याकडे आणि शब्दांकडे आळीपाळीने बघत. त्या जानेवारीत दोघं कायमचे परत निघाले होते. तिकडे मुलीचं लग्न होतं. दुपारी दिल्लीची गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्लीहून विमान. विमान चुकलं तर लग्न चुकलं, एवढा सरळ हिशोब.

सकाळपासून आम्ही कामं उरकत होतो. लग्नात घालायचं मॅडमचं ब्लाउज शिंप्याकडे अडकलं होतं.

"बस, हुक लावून राहिलो, मॅडम."

"काल पण हुकच लावून राहिले होते तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून अर्धे हुक त्यांनीच लावले. मग पुस्तकांच्या पेट्या ट्रान्सपोर्टला द्यायला शहराबाहेर वाडी नाक्याला गेलो. परत येताना पुढे ट्रक, मागे ट्रक. साहेब मागच्या सीटवर संत्रा बर्फीचे डबे मांडीवर घेऊन बसलेले. तेव्हा मी मनात म्हणालो, देवा, गाडी उशिरा येऊ दे. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नव्हतं.

पण आम्ही स्टेशनला वेळेत पोचलो. प्रार्थना तिथेच परत घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. प्लॅटफॉर्मवर हार, ढोलकी घेऊन अख्खी मंडळी उभी दिसली आणि हे दोघं आता खरंच जाणार, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी प्रार्थना वाढवली. देवा, चांगली उशिरा येऊ दे!

धुक्यामुळे गाडीला उशीर, असं भोंग्यावर सांगितलं. मंडळीने निरोपाचं गीत म्हटलं, बाया रडल्या, पाळकांनी प्रार्थना केली. पुन्हा उशीर. पुन्हा गीत, पुन्हा रडणं, जरा कमी. तिसऱ्या खेपेला रडायला कुणी उरलंच नाही. मॅडमनी प्रवासाचा डबा उघडला आणि पुरी-भाजी सगळ्यांनी मिळून संपवली. साहेबांचे हार ढोलकीवाल्याच्या गळ्यात गेले.

"काहून गा," साहेब मला म्हणाले, "एवढा निरोप घेऊन मी आता गेलोच नाही तर तुम्ही लोकं मारसान मले!"

सगळे पोट धरून हसले. मी तर सगळ्यांना चहा पाजत सुटलो होतो. कुणी मेलंबिलं नव्हतं, साहेब समोर होते, गाडीचा पत्ता नव्हता. अजून काय पाहिजे?

मग मॅडमचा फोन वाजला. मुलीचा होता. नागपुरात वाढलेली पोर, आईशी मराठीतच बोलते. "येतो बेटा, पोचतोच आम्ही," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत रुळांकडे पाहत राहिल्या.

मी महिला मंडळाच्या मावशींना गाठलं. "मावशी, केलेली प्रार्थना वापस घेता येते का वं?"

"काहून गा? काय मांगून बसला?"

"मी नाही. एक जण."

"त्या एका जणाले सांग, ते काही कपड्याचं दुकान नोहे, वापस करायले. नवी कर म्हणा."

नवी काय करणार? उशीर झालेली गाडी लवकर कशी येईल, ते मला सुचेना. उशीर करवण्याचा मात्र आता हात बसला होता. मी डोळे मिटले. देवा, दिल्लीचं विमानसुद्धा उशिरा सुटू दे!

संध्याकाळी गाडी खरंच आली आणि एकच धांदल उडाली. इतकी गीतं म्हणून झाली होती, पण ऐन वेळी कुणाला सूर सापडेना. पेट्या दारातून, पिशव्या खिडकीपाशी, साहेब डब्याच्या पायरीवर एका पायावर. हात हलवेपर्यंत डबा पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: दिल्लीत धुकं, विमान खोळंबलं, आम्हाला मिळालं. मावशी म्हणाल्या, "पाहा, आमची प्रार्थना!" धुकं काही माझ्या सांगण्याने पडत नाही, हे मला कळतं. पण त्या विमानात बाकीचे लोक होते ना? त्यांची लग्नं, मयतं, नोकऱ्या?

लग्नाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी मॅडमना तेच विचारलं. "बाजूचा माणूस तर उतरेपर्यंत धुक्याला शिव्या देत होता," त्या हसून म्हणाल्या. त्या शिव्या खरं तर कुणाच्या वाट्याच्या होत्या ते सांगणार, तोच नवरीने फोन ओढला.

"काका, माझ्यासाठी प्रार्थना केली ना?"

"केली ना."

"एकदाच?"

"दोनदा केली, बेटा."

ती इतकी खूश झाली की फोन तसाच हातात घेऊन वडिलांकडे पळाली. पडद्यावर आधी छत दिसलं, मग साहेबांचे बूट, मग वाजंत्री सुरू झाली, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.