पंचवीस रीप्रिंटं आणि अकरा नंबरची विहीर

नव्वदीच्या दशकात बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवायला लागलो, तिथल्या रसायनशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली विभागप्रमुखांच्या पँटच्या चोरखिशात असायची. आंघोळीलासुद्धा ते ती पँट घालूनच जात असावेत, असा माझा आजही दाट संशय आहे. संशोधनाची मासिकं, तक्ते, वह्या, सगळं त्या कपाटात. वर पाटी होती, 'संदर्भासाठी'. कुणाच्या, ते लिहायचं राहून गेलं होतं.

त्या कपाटाची आठवण आली की अजून माझं टाळकं असं तापतं, की वर भाकरी टाकावी. पण किल्लीवाल्याला शिव्या घालताना निम्म्या मलाच घ्याव्या लागतात. म्हणून आधी माझंच सांगतो.

माझा विषय विहिरींच्या पाण्यातले क्षार. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठानं नरसिंहपुरापर्यंत मी चाळीस विहिरी पालथ्या घातल्या. नमुन्यांसाठी दवाखान्यातल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या होत्या. गोणी घेऊन एस्टीत चढलो की कंडक्टर पायानं ढोसून बघायचा.

"सर, पहिल्या धारेची का?"

"पाणी आहे हो, विहिरीचं."

"समदे तसंच म्हणत्यात. गोणीचं तिकीट काढा."

नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका गावात आक्का भेटल्या. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या सातवी पास झालेल्या पहिल्या बाई. नवरा रेल्वेत नोकरीला, त्यामुळं चार एकर रान आणि विहीर आक्कांच्याच अंगावर. आवाज असा, की त्यांनी अलीकडून हाक मारली तर नदीपलीकडं सोलापूर जिल्ह्यातली कुत्री शेपूट घालायची. बाटलीवरच्या चिकटपट्टीवर त्यांनी माझ्या हातातलं पेन हिसकून स्वतःचं नाव स्वतः लिहिलं.

"सर, एवढंच सांगा. ह्या पाण्यावर द्राक्षं येत्याल का? समदा गाव उसाच्या नादाला लागलाय. मला बाग लावायचीय."

"पंधरा दिवसांत कळवतो, आक्का."

पंधराव्या दिवशी कळलं. चाळीसांत सगळ्यात वाईट पाणी आक्कांचं. द्राक्षं सोडा, त्या पाण्यावर बाभळीनं हाय खाल्ली असती. आकडे घेऊन मी नाचतच विभागप्रमुखांकडं गेलो. त्यांनी आधी दार लावलं.

"छापून येईपर्यंत चकार शब्द बाहेर जाता कामा नये. दुसऱ्या कॉलेजातला कुणीतरी उचलेल. आणि ही नावं काढा. शास्त्रात विहिरीला आकडा असतो, मालक नसतो."

हे वाक्य मला इतकं भारी वाटलं, की मी ते डायरीत उतरवून घेतलं. चाळीस बाटल्यांच्या पट्ट्यांवर, नावांखाली, मी एक ते चाळीस आकडे घातले. आक्का झाल्या अकरा. कुठला आकडा कुणाचा, ती यादी कपाटात गेली आणि किल्ली चोरखिशात.

आक्कांची तीन कार्डं आली. 'सर, पाण्याचं काय झालं?' तिन्ही वेळा मी उत्तर दिलं, 'काम प्रगतिपथावर आहे.' काम कसलं? आकडे माझ्या खणात पडलेले होते आणि मी माझ्या नावाची छापील अक्षरं स्वप्नात बघत होतो.

दीड वर्षानं निबंध छापून आला. पहिलं नाव विभागप्रमुखांचं. संशोधनात त्यांचा वाटा किल्लीएवढा. पोस्टानं पंचवीस रीप्रिंटं आली, म्हणजे मासिकातून आपला निबंध तेवढा वेगळा काढून दिलेल्या प्रती. त्या वाटायची आमच्यात रीत असते. कोपऱ्यात 'सस्नेह भेट' लिहून सही ठोकायची आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, "वा! निवांत वाचतो." चोवीस जणांना तो निवांतपणा अजून लाभायचा आहे. भौतिकशास्त्राच्या सरांनी मात्र माझी प्रत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. माझ्या संशोधनानं त्या टेबलाइतका आधार दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही.

पंचविसावी प्रत 'आक्कांस सस्नेह भेट' लिहून इंदापूरच्या एस्टीनं घेऊन निघालो. छाती इतकी फुगलेली, की शेजारच्याला खिडकीतून बाहेर कलून बसावं लागलं.

विहिरीजवळ पोचलो आणि छातीतली हवा गेली. दोन एकरांत द्राक्षाच्या वेली उभ्या होत्या. पानांच्या कडा काडी लावल्यासारख्या करपलेल्या. मातीवर पांढरी साय.

आक्कांनी प्रत घेतली, उलटली, पालटली.

"इंग्रजीत हाय व्हय? मग माझी हीर कुठं हाय ह्यात?"

मी अकरावर बोट ठेवलं.

"आन माझं नाव?"

"नावं नसतात, आक्का. शास्त्रात..."

"असू द्या शास्त्र. पाणी कसं हाय?"

"वाईट. द्राक्षाला चालत नाही."

"हे कळलं कवा तुमाला?"

खोटं बोलायला माझ्याइतका तयार माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. त्या दिवशी जीभच उचलेना. "पंधराव्या दिवशी," म्हणालो.

आक्का ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी वाट बघितली सर. कागुद ईना, म्हणून लावली बाग. माझ्या आज्याला अक्षराला हात लावू दिला न्हाय. मला लिवता येतंय, वाचता येतंय, आन माझ्याच हिरीचं लिवलेलं तुमी कुलपात ठिवलं? वर ही भेट? भेट कसली वं? पाणी आमचंच हाय की." मग म्हणाल्या, "बाकीच्या एकोणचाळीस जणांस्नी सांगितलंय का? वरच्या मळ्यातले तात्या येत्या सोमवारी द्राक्षाची रोपं आणणार हायती. माझी बाग हिरवी व्हती तवाच ठरिवलंय त्यांनी; आता करपली तर रोग पडला म्हणत्यात."

रविवारी यादी घेऊन येतो, ज्याच्या त्याच्या विहिरीवरच लिहून देतो, असं सांगून आल्या पावली परतलो. विभागप्रमुखांकडं यादी मागितली.

"अप्रकाशित सामग्री आहे," ते म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ आरडाओरडा केलाय, पण त्या दिवशी मी जो आवाज काढला, त्यानं म्हणे पणदऱ्याच्या गोठ्यांतल्या म्हशी आटल्या. कपाट काही उघडलं नाही.

आणि मग प्रयोगशाळेच्या सिंकखाली माझी गोणी दिसली. आळसानं दीड वर्ष फेकली नव्हती. चाळीसही बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव, नावाखाली आकडा. आयुष्यात माझा आळस एवढाच एकदा कुणाच्या उपयोगी पडला असेल.

रविवारी सकाळी गोणी घेऊन एस्टीत चढलो. तोच कंडक्टर.

"सर, धंदा जोरात हाय?"

"आता उघड्यावर विकणार आहे," मी म्हणालो.

आक्कांनी चुन्याची बादली आणि कुंचला तयार ठेवला होता. त्या बाटलीवरचं नाव वाचत, मी निबंधातला आकडा मराठीत सांगत, आणि ज्याची विहीर त्याच्यासमोर मी काठावर लिहीत जाई. ऊस चालेल. द्राक्ष नको. हे पाणी एका पाळीआडच द्या. तात्यांच्या विहिरीवर 'द्राक्ष नको' लिहिलं, तेव्हा त्यांनी दोनदा वाचलं. रोपं आणायला ठरवलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडं माणूस धाडला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "दीड वर्स आधी का न्हाय लिवलं वं? तवा चुना मिळत नव्हता का?"

तीन रविवारांत एकोणचाळीस विहिरी झाल्या. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी टेबलावर मेमो होता: विभागाची माहिती विनापरवानगी सार्वजनिक केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मी तो मेमो घेऊन पुढच्या रविवारी आक्कांकडं गेलो. शेवटची अकरा नंबरची विहीर राहिली होती. मागच्या बाजूला उपटलेल्या वेलींचा ढीग माणसाच्या डोक्याएवढा उंच, आणि ह्यात मी तिळमात्र वाढवून सांगत नाही.

आक्कांनी मेमो वाचला. बादलीवरची माशी त्याच कागदानं मारली आणि कुंचला माझ्या हातात दिला.

"लिवा," म्हणाल्या. "आदी माझं नाव लिवा. आकडा मागनं."