मिस्त्रींच्या नावावर खपवलेला सायलेन्सर

चूक माझी होती. स्वस्तात मिळाला म्हणून माझ्या जुन्या ट्रकसाठी भलत्याच मॉडेलचा सायलेन्सर मी आणला आणि स्वतःच बसवला. कात्रजच्या घाटात तो गळून पडला, तेव्हा ट्रकच्या अड्ड्यावर लाजेपोटी सांगून टाकलं, "मिस्त्रींचं काम!" त्यांची गिऱ्हाइकं तुटली.

गॅरेजवाल्या मिस्त्रींचं खरं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नाही. ते गाडी बघत नाहीत, डोळे मिटून ऐकतात. मालक मध्ये बोलला, की हात वर करतात. "थांबा, आधी गाडीला बोलू द्या."

शेवटी सायलेन्सरविना धडधडणारा ट्रक घेऊन मला त्यांच्याकडेच जावं लागलं.

"अहो, ट्रक आणलाय की वरात?"

मी गॅरेजात टांगलेल्या चकचकीत स्टीलच्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं.

"हा ट्रकला लावायचा की नवरदेवाला?" मग ट्रकखाली सरकून त्यांनी सुतळीने तीन वेळा माप घेतलं. "नुसता डबा बदलून भागणार नाही. इंजिनापासूनचा सगळा पाइप कुजलाय." सायलेन्सर आवळून धरणारा तुटलेला क्लॅम्प हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काम माझं का? अड्ड्यावर फार कौतुक ऐकलं."

तरीही त्यांनी नवा पाइप मापात वाकवून नीट बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना अड्ड्यावर घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर पुटपुटलो, "तो सायलेन्सर मीच बसवला होता. मिस्त्री, माफ करा."

त्यांनी डोळे मिटले. "आवाज फार दबलाय. पुन्हा."

मी ओरडून माफी मागितली.