सोमशेखरला स्वप्नं पडत नसत

सोमशेखर गाढ झोपायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्वप्नांचा छायाचित्रकार’ वगैरे म्हटलं, आणि ज्यांनी म्हटलं त्यांनी त्याला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी रोज पाहायचो. दुपारी जेवण झालं की स्टुडिओतल्या सोफ्यावर तो तोंड उघडं टाकून पसरायचा. तासाभरानं उठला की मी मुद्दाम विचारायचो, “काय दिसलं?”

“काय दिसायचंय? अंधार.”

मी त्याच्याकडे टचिंग करायचो. फोटोतल्या मुरुमाच्या खुणा, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बारीक ब्रशानं घालवायची, हे माझं काम. माणसाला आहे त्यापेक्षा बरं दाखवायचं. सोमशेखरच्या बाबतीत ते मला कधी जमलं नाही, आणि आता जमवायची इच्छाही नाही.

त्याचे वडील गुरुसिद्धाप्पा कापडाचे व्यापारी. धाकट्यानं गादीवर बसावं अशी त्यांची इच्छा होती, पण हा मुंबईला एका फॅशन फोटोग्राफरकडे गेला. तिथं दोन वर्षं त्यानं मॉडेलच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा तक्ता उन्हात धरला. चौऱ्याण्णव साली परत आला तो काळे कपडे, मागे बांधलेले केस आणि फाटक्या पुठ्ठ्याचं एक परदेशी पुस्तक घेऊन. त्या पुस्तकात माणसांना डोक्याच्या जागी फळं होती, बायकांच्या पोटात खिडक्या होत्या. वडिलांनी राजारामपुरीत गाळा घेऊन दिला आणि हा कलावंत झाला.

पहिलं गिऱ्हाईक साडीवाले हंबीरराव. ते म्हणाले, “सोमू, ह्ये सररिअल म्हंजे काय रं?”

“म्हणजे सरळ नसलेलं, काका.”

“मग आमच्या साडीचा काठ तरी सरळ दिसंल न्हवं?”

काठ सरळ दिसला, बाकी काहीच दिसलं नाही. पुस्तकातलं पाहून यानं मॉडेलच्या डोक्याला पंखा बांधला, दुसऱ्या फोटोत तिला उलट्या खाटेखाली बसवलं. पहिल्या फोटोत पंख्याचं दुकान दिसत होतं, दुसऱ्यात ढेकूण झालेलं घर.

त्याची बायको वर्षाराणी गडहिंग्लजकडची, आईला अव्वा म्हणणारी. दुपारी डबा घेऊन यायची आणि आम्ही जेवेपर्यंत स्टुलावर बसायची. एकदा भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली, “आज काय येडंच सपान पडलं. आमची माहेरची हीर आभाळात उलटी टांगलेली. आमची अव्वा तिच्या काठावर बसून लुगडं पिळतीया, आन पानी खाली पडायचं सोडून वर चाललंय. आन अव्वाला त्याचं काईच न्हाय. ती आपली पिळतीया.”

सोमशेखरचा घास हातातच राहिला.

चार दिवसांनी आम्ही एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो. साक्षी नावाची कॉलेजातली मुलगी हिरवं इरकल नेसून शेवटच्या पायरीवर बसली. तिनं ओला पदर पिळला, आणि थेंब पाण्याला लागायच्या आत यानं तिचा पाण्यातल्या प्रतिबिंबासकट फोटो घेतला. छापून उलटा धरला तर विहीर डोक्यावर आणि पाणी वर निघालेलं. फोटो चांगला होता. खोटं कशाला बोलू, फारच चांगला होता. मी त्यावर ब्रशसुद्धा टेकवला नाही.

शहाण्णवच्या एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तो आला. आत मुलाखत होती: ‘पहाटे उठून मी माझी स्वप्नं वहीत उतरवतो.’

वर्षाराणीनं मुलाखत दोनदा वाचली. “अहो, ह्यात माझं नाव कुठं हाय?”

“स्वप्नाला काय सातबारा असतो काय?” तो म्हणाला आणि आपल्याच वाक्यावर हसला. मीही हसलो.

मग खरोखरच वही आली. पहाटे तो बायकोला हलवून उठवायचा. काय दिसलं, लवकर सांग, विसरशील. तिनं सांगितलं की हा पेन घेऊन निवड करायचा, मंडईत वांगी निवडावीत तशी. “परीक्षेचं नको, ते सगळ्यांना पडतं. दात पडल्याचंही नको. जरा कापडाचं काही बघत जा की.” शिलाई मशीनमधून धाग्याऐवजी जरीचे किडे निघाले, ते तिचं. जिन्यावरून साड्या आपल्या पायांनी उतरल्या, ते तिचं. पुण्याहून कामं येऊ लागली. सोमशेखर चष्म्याला दोरी लावून हिंडू लागला.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात तिचे वडील वारले. महिनाभरानं तिची बहीण आक्का भेटायला आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. वर्षाराणीनं तिला हळू आवाजात सांगितलं की अप्पा सपनात आले. उंबऱ्यावर पाठमोरे बसून पटका बांधत होते. पटका संपतच नव्हता. बघितलं तर कापड तिच्या लग्नातल्या शालूचं. तिनं हाका मारल्या, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

हे नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. पण त्यानं बाहेरच्या खोलीत ऐकलं, आणि स्टुडिओत येऊन मला सांगितलं.

बाजारातून एक म्हातारा हमाल आणला. त्याला उंबऱ्यावर बसवून हंबीररावांच्या दुकानातले अकरा शालू डोक्याभोवती गुंडाळले. मागे साक्षी उभी, हात पसरलेला, चेहऱ्यावर सुतक, ओठांवर लाली. एक फोटो त्यानं म्हाताऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे फिरवूनही काढला, आणि हंबीररावांना तोच आवडला. म्हाताऱ्याच्या गालावरच्या सुरकुत्या मी घालवल्या. तो कुणाच्या अप्पांच्या जागी बसलाय हे मला ठाऊक होतं. तरी घालवल्या, आणि त्या आठवड्यात नीट जेवलोही.

नव्याण्णवच्या कॅलेंडरवर तो फोटो आला. दुकानानं ते गिऱ्हाइकांना फुकट वाटलं. संक्रांतीला वर्षाराणी माहेरी गेली, तर घरात भिंतीवर तेच. तिच्या आईला, बसव्वाला, वाचता येत नव्हतं. जावयानं काढलेला फोटो म्हणून तिनं कौतुकानं खिळा ठोकून लावला होता. म्हणाली, “ह्यो म्हातारा तुज्या अप्पावानी बसलाय बघ.”

वर्षाराणी भांडली नाही. परत आली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, न विचारता, नवऱ्याला म्हणाली, “अहो, लिवून घ्या. लई मोठं सपान हाय.”

कळंब्याचा तलाव. त्यात गुळाची काहील, उसाचा रस उकळायची ती भलीमोठी कढई, तरंगतेय. काहिलीत पैठणी नेसलेली बाई केस विंचरतेय, आणि भोवती पायांत पैंजण घातलेली बारा बदकं.

सोमशेखर वेडा व्हायचा बाकी राहिला. एका गुऱ्हाळातून काहील आणली, बदकं आणली, लहान मुलींचे पैंजण आणले. हंबीरराव आले, दोन वार्ताहरही बोलावले. हा गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, “साक्षी, स्वप्नातल्यासारखं बघ!” साक्षी बिचारी काहिलीच्या कडा धरून बसली होती. केस विंचरायला तिनं एक हात सोडला, काहील एका अंगाला कलली आणि पैठणीसकट मुलगी कमरेएवढ्या पाण्यात गेली. बदकं फडफडत सुटली. पैंजण वाजवत ती बाराच्या बारा समोरच्या काठाकडे जाताना मी स्वतः पाहिली.

हंबीररावांनी भिजलेल्या पैठणीकडे पाहिलं. “सोमू, ह्ये सपान पडलं तरी कुणाला?”

“मलाच,” चष्मा पुसत सोमशेखर म्हणाला. वार्ताहर होते ना!

काठावर वर्षाराणी टॉवेल घेऊन साक्षीला पुशीत होती. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कुनालाच न्हाय पडलं. मी भाकरी थापताना रचलं. बदकं किती घालावीत ह्याचा तेवढा इचार करावा लागला.”

हंबीरराव आधी हसले. मग वार्ताहर, मग काहील आणणारी माणसं. सोमशेखरला ती काय म्हणाली हे कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा तो मला म्हणाला, “बायकांना कलेतलं काय कळतं.”

त्यानंतर त्या घरात ती एकही स्वप्न बोलली नाही. पहाटे हलवलं की म्हणायची, “गाढ झोपलेवते.” त्यानं पुस्तक पुन्हा काढलं, पण पुस्तकातली फळं एव्हाना पुण्याच्या पोरांनीही वापरून झाली होती. दोन हजार दोनमध्ये कॉम्प्युटर घेतला. आता लग्नाच्या अल्बममध्ये तो नवरा-नवरीला कमळात बसवतो, कधी ढगांवर, कधी बर्फाच्या डोंगरात. अल्बमचं नाव ‘ड्रीम’. लोक रांग लावतात आणि तो सुखी आहे. त्याच्याविषयी याहून वाईट मला काही सुचत नाही.

कॉम्प्युटरनं माझंही काम गेलं. वर्षाराणी लग्नाआधीच डी.एड. झाली होती. तिला शिरोळ तालुक्यात शाळेवर नोकरी लागली आणि आपल्या लहान मुलीला घेऊन ती तिकडेच राहू लागली. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा शाळेत डोकावलो. भिंतीवर आदल्या वर्षीच्या पुराची रेघ अजून होती, आणि ती पोरांकडून त्या रेघेवर चुना मारून घेत होती. चहा पिताना मी विचारलं, “वैनी, आता पडतात का सपनं?”

“पडत्यात की,” ती म्हणाली. “पन उठलं की पोरगीचा डबा असतोय, शाळा असतीया. कोन इचारत न्हाय, मग इसरून जाते. लई बरं वाटतंय.”

आणि बादलीत चुना कमी पडलाय का ते बघायला ती उठली.