हजेरीतली सूट

मी शैक्षणिक नेतृत्वाच्या एम.ए.ला असताना त्या मला विभागाच्या ऑफिसात एकदाच भेटल्या. पन्नाशीच्या, कन्हानकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याही याच एम.ए.ला होत्या, पण हजेरी कमी भरल्यामुळे त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. शाळेतल्या गणिताच्या सरांना अपघात झाला, म्हणून दहावीचा वर्ग त्या स्वतः घेत होत्या.

विभागप्रमुख समजुतीनं म्हणाले, "मॅडम, आजारी होते असं लिहून द्या. नियमात सूट आहे."

त्यांनी चष्मा काढून पदरानं सावकाश पुसला. "बिमार नव्हतो ना सर. तिकडं वर्गात होतो, इकडं नव्हतो. नव्हतो ते नव्हतो."

"वर्ष जाईल तुमचं."

"जाऊ द्या. पोरायचं वाचलं."

बोलण्यात राग नव्हता. पुढचं सत्र कधी सुरू होतं ते त्यांनी विचारून घेतलं, मला हसून जागा करून दिली आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून उन्हात गाडी सुरू केली.

आज मनीषनगरातल्या एका शाळेत मी स्वतः मुख्याध्यापक आहे. खोट्या कागदावर सही मागायला कुणी आलं, की त्याला बसवून मी या बाईंची गोष्ट सांगतो. लोक त्यांचं नाव विचारतात. ते मला ठाऊक नाही.