मुका फोन आणि शेजारची धवलारीण

आमच्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या फोनचा आवाज गेला तो नेमका शेजारच्या हळदीच्या आदल्या दिवशी. एरवी तो गेला असता तर मी देवापुढे नारळ फोडला असता. आईंना कमी आवाज ही गोष्टच मान्य नाही. सकाळी कीर्तन, दुपारी कोलंबीच्या रेसिपी आणि संध्याकाळी जासईला दिलेल्या त्यांच्या बहिणीचे व्हॉट्सॲपवरचे लांबलचक बोलके निरोप. सुकापूरच्या आमच्या गल्लीत मावशींचं काय दुखतंय ते त्यांच्या डॉक्टरच्या आधी कळतं.

त्या सकाळी आईंनी कीर्तन लावलं आणि बुवांचे नुसते ओठ हलले.

"बाय, हा मुका झाला बघ," फोन माझ्या नाकासमोर धरून आई म्हणाल्या. "बुवा हात वर करून बोलतोय, पन मना काय ऐकायला नाय येत."

माझं माहेर पुण्याचं. लग्न करून या आगरी घरात आले तेव्हा मला मासे साफ करता येत नव्हते, तांदळाची भाकरी थापता येत नव्हती आणि हळदीत नाचायला लावलं की मी कवायत केल्यासारखी दिसत होते. त्यामुळे या घरात माझी अब्रू एकाच गोष्टीवर टिकून आहे, ती म्हणजे मोबाईल. कोणाचाही बिघडला की माझ्याकडे येतो. मी चष्मा वर सरकवून "हं" म्हणते आणि बंद करून पुन्हा चालू करते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

या वेळी भागलं नाही. कोणी फोन केला की रिंग वाजायची, बोलणंही नीट व्हायचं. पण व्हिडिओ, गाणी, निरोप, सगळं मुकं. आणि त्या दिवशी ते मुकं राहून चालणार नव्हतं.

कारण सांगायचं तर शेजारच्या काकींपासून सुरुवात करावी लागेल. काकी म्हणजे आईंची धाकटी जाऊ. दोन घरांच्या मध्ये एक छोटं सामाईक अंगण आणि त्यात एक शेवग्याचं झाड, ज्याच्या शेंगा दोघींना आपल्या वाटतात. लग्न काकींच्या मुलीचं होतं. आणि आई आहेत धवलारीण. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला जे गाणं म्हणतात त्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारीला धवलारीण. धवल्यात सगळ्या देवांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावतात, मग नवरीच्या घरच्यांची नावं गुंफतात. आता डीजेच्या भिंतीपुढे धवला कोणाला ऐकू येतो म्हणा, पण त्याच्याशिवाय हळद लागली तर म्हाताऱ्या बायका तोंड वाकडं करतात. काकींच्या मुलीचा धवला आईच म्हणणार हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं.

आणि मग पत्रिका आली व्हॉट्सॲपवर. भावकीच्या ग्रुपमध्ये. वर नाचणारा गणपती आणि खाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'.

आईंचं डोकं फिरलं. इथली रीत अशी की घरच्या बाईने ताटात हळदीकुंकू घेऊन उंबऱ्याशी यायचं, कुंकू लावायचं आणि तोंडाने सांगायचं. तेच खरं आमंत्रण, कार्ड म्हणजे कागद.

"आमच्या घरात फोडणी दिली त तिला शिंक येते, एवढं जवल घर," आई म्हणाल्या. "आन आवतान मोबाईलवर? कुंकू पन ग्रुपवरच लावंल कं ती?"

काकींची बाजू मला शेवग्याखाली ऐकायला मिळाली. "मोठी जाव ना ती? घरच्या मानसाला कोन आवतान देतं? तिनं यायचं, पदर खोचायचा आन मना शिव्या देत कामाला लागायचं."

दोघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि दोघी आपापल्या जागेवरून हलत नव्हत्या. मी दोन्हीकडे चहा पीत होते. एकदा काकींना सांगूनही पाहिलं की जाऊन या एकदा ताट घेऊन. तर त्या म्हणाल्या, "मी गेली आन तिनं तोंड फिरवलं, मंग?" आई तोंड फिरवण्यात पटाईत आहेत.

पण मला एक गुपित माहीत होतं. आई रोज मागच्या ओटीवर बसून फोनमध्ये धवला म्हणून ठेवायच्या, कानाला लावून ऐकायच्या, चुकलं की पुन्हा म्हणायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उगाच. आवाज ऱ्हायलाय कं बघते." न जायचं ठरवलेल्या लग्नाची एवढी तयारी मी आयुष्यात पाहिली नव्हती. हळद उद्यावर आलेली. उद्यापर्यंत कुंकू आलं नाही तर आई जाणार नाहीत, ही काळ्या दगडावरची रेघ. आणि आई गेल्या नाहीत तर दोन घरांमधलं ते अंगण कायमचं दोन तुकड्यांत वाटलं जाईल, हे मला दिसत होतं. मला त्याचं खरंच वाईट वाटत होतं. दोन्हीकडच्या चहाची मला सवय झाली होती.

तर फोन. आधी घरगुती उपचार झाले. आईंनी तो तांदळाच्या डब्यात पुरला. मी म्हटलं, "आई, तो पाण्यात पडलेला नाहीये." तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तांदलाने कोनाचं वाईट झायलंय?" मी कव्हर काढलं, जुन्या टूथब्रशने स्पीकरची जाळी घासली, फुंकर मारली. जाळीतून गव्हाचं पीठ निघालं. आवाज निघाला नाही. व्हॉल्यूमची रेघ शेवटपर्यंत ढकलली, कोलंबीची रेसिपी लावली आणि दोघी कान लावून बसलो. पडद्यावरची बाई कोलंबीचा धागा काढत होती, चिडीचूप. आमच्या घरामागे सकाळपासून कोणाच्या तरी बिल्डिंगचा स्लॅब पडत होता, त्या काँक्रीट मिक्सरच्या घरघरीत तशीही तिची डाळ शिजली नसती.

शेवटी रिक्षा करून दोघी पनवेलच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन घेतला, पाहिलं आणि समोर सापडला तो निरोप दाबला. मावशींचा आवाज अख्ख्या दुकानात कडाडला:

"तू नाय गेलीस त तिच्या मांडवात देव तरी कशाला येतील? म्हन तिला, वाजव तुजा स्पीकर! स्पीकरला कुंकू लाव!"

कव्हर बघायला आलेली दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. दुकानदाराने घाईने आवाज कमी केला आणि म्हणाला, "मॅडम, आवाज तर ठणठणीत आहे. थोडा जास्तच आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र बहिणीच्या कर्तृत्वाने फुलल्या होत्या.

घरी आलो आणि फोन पुन्हा मुका.

"त्याला पनवेलची हवा मानवते," आईंनी निदान केलं.

आता माझी सटकली. मी अंगणाकडच्या खिडकीशी ठाण मांडलं आणि ठरवलं की फोनमध्ये जे जे वाजण्यासारखं आहे ते सगळं वाजवून बघायचं. आवाज अगदी टोकाला. मावशींचे निरोप, एकामागून एक, ज्यांत काकींच्या सात पिढ्यांचा उद्धार होता. मग आईंनी मावशींना पाठवलेले निरोप, ज्यांत आठवी पिढी होती. मग मीच आईंना कधीतरी पाठवलेला एक निरोप सापडला: "आई, काकींकडून सुकट आणू नका हो, त्यांच्या सुकटीत अर्धी वाळू असते." तोही लावला. काही नाही. मागे मिक्सर घरघरत होता, शेजारी मांडववाले बांबू ठोकत होते. शेवटी मी आईंचा धवला लावला. बुवा नाहीत, मावशी नाहीत, निदान देवांना बोलावलं तर काही होतंय का बघू.

आणि तेवढ्यात मिक्सर थांबला. चहाची वेळ झाली असावी. बांबूंची ठोकाठोकही थांबलेली. त्या अचानक पडलेल्या शांततेत शेजारून, काकींच्या ओसरीवरून, धवला ऐकू आला. मोठा, खणखणीत, अख्ख्या गल्लीला पुरेल असा.

शेजारी तांदूळ पाखडणाऱ्या आईंच्या हातातली सुपली तशीच राहिली.

"दुसरी धवलारीन आनली तिनं," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग कान देऊन म्हणाल्या, "आन हा धवला आमच्या आयशीचा हाय! जासईवालीनं शिकवला वाटतं हिला. बहीन नाय, वैरीन हाय!"

मग थोडं आणखी ऐकलं. रागावलेल्या असल्या तरी कारागीर ते कारागीरच.

"गाते बरी," त्या म्हणाल्या. "पन दम नाय. वयस्कर दिसते कोन तरी."

मला काहीतरी खटकलं. मी हातातला फोन थांबवला. शेजारची धवलारीण एका देवाच्या नावाच्या मध्येच गप्प झाली. मी पुन्हा सुरू केला. तिने तिथूनच पुढे उचललं.

मग मला दिसलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, ढीगभर चिन्हांच्या गर्दीत, ब्लूटूथचं ते इवलंसं चिन्ह. आमच्या भावकीत चाकांचा एक मोठा स्पीकर आहे. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या ओसरीवर तो जातो. मागच्या गणपतीत तो आमच्याकडे होता आणि आरत्यांसाठी आईंचा फोन त्याला मीच मोठ्या ऐटीत जोडून दिला होता. त्या सकाळी तो काकींकडे आला, चालू झाला, आणि ओळखीचा फोन जवळ दिसताच त्याने हात पुढे केला. म्हणजे सकाळपासून बुवा, कोलंबी, मावशी, सात अधिक एक पिढ्या आणि माझी सुकटीतली वाळू, सगळं काकींच्या लग्नघरात पाहुण्यांसमोर वाजलं होतं.

ब्लूटूथ बंद करायला मी बोट उचललं. पण वाटोळं व्हायचं ते झालंच होतं, आणि पुढे काय आहे ते मला माहीत होतं. मागच्या ओटीवरून चोरून मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं. देव संपले की घरची माणसं येतात, आणि आईंनी नवरीच्या आईचं, म्हणजे काकींचं नाव घातलं होतं, तेही सगळ्यांच्या आधी, मानाने, लांबवून. ज्या बाईचं नाव पत्रिका आल्यापासून चार आठवडे त्यांनी तोंडाने घेतलं नव्हतं ते. मी बोट मागे घेतलं. खरं सांगते, मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

नाव आलं. आई एकदम ताठ झाल्या. आता त्यांना काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं होतं. मी फोन थांबवला.

अंगणात पावलं वाजली. काकी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. हातात ताट, ताटात हळदीकुंकू, आणि चेहरा असा की रडायला आल्यात की भांडायला ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"सकालपासून आमचा फोन काय त्या स्पीकरला लागंना," त्या म्हणाल्या. "आमी म्हटलं बिघडला. सगल्या पाव्हन्यांनी बसून ऐकलं. जासईवालीचं ऐकलं, तुजं ऐकलं." मग माझ्याकडे वळून, "आन तुजं पन ऐकलं गो बाय. वालू काय?"

मी शेवग्याकडे बघायला लागले.

आई अजून शेवटच्या किल्ल्यावरून लढत होत्या. "तुजी धवलारीन हाय ना आनलेली. मी कशाला?"

"ती तूच हायस, वयनी! तुज्या फोनातून वाजते ती."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे पचलं तेव्हा त्यांना पहिली काळजी वाटली ती भलतीच.

"म्हंजे दम नाय तो माजाच?"

"दम हाय," काकी म्हणाल्या. "मांडववाले हातोड्या खाली ठेवून ऐकत व्हते." मग त्यांचा आवाज फुटला. "माजं नाव आलं आन धवला बंद परला. माज्या पोरीचं नाव ऱ्हायलं ना मागं. ते कोन घेनार?"

आईंनी सुपली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ पुढे केलं. काकींनी घाईने कुंकू लावलं, ते अर्धं भुवईवर गेलं. आईंनी ते पुसलं नाही. निघताना मी फोन त्यांच्यापुढे धरला, आता बोलता करते याला म्हणून.

"ऱ्हाऊ दे त्याला मुका," आई म्हणाल्या आणि जावेच्या मागोमाग अंगण ओलांडून गेल्या.

मी खिडकीशी बसले, ब्लूटूथ बंद केलं आणि एकदाचा फोनही बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. मागे मिक्सर पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने शेजारून धवला ऐकू आला, जिथे तुटला होता तिथून पुढे, नवरीच्या नावापासून. सवयीने मी फोनकडे पाहिलं. तो बंदच होता.