धानोऱ्यापलीकडचा जुना मनोरा आणि मोहाखालची आग

माझी नणंद जपानला जाऊन आली आणि तिथल्या कुठल्याशा शहरातल्या जुन्या टेहळणी मनोऱ्याचे फोटो घरच्या ग्रुपवर तिनं इतके टाकले की मला त्या मनोऱ्याची लिफ्टसुद्धा पाठ झाली. नाणं टाकलं की दुर्बिणीतून डोंगर दिसतो म्हणे, आणि खाली उतरलं की आइस्क्रीम. मी मनात म्हटलं, मनोरे काय फक्त तिकडेच आहेत? आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे माझे यजमान, जनावरांचे डॉक्टर. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी धानोरा तालुक्यात काढली. तिथल्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला एक जुना मनोरा आहे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. शेवटी एका रात्री जेवताना सांगून टाकलं, की या उन्हाळ्यात एकतर तो मनोरा दाखवा, नाहीतर त्याचं नाव काढू नका.

गडचिरोली म्हटलं की नागपुरातले लोक अजूनही डोळे मोठे करतात. शेजारच्या काकूंनी तर विचारलंच, घरी करमत नाही का म्हणून. पण रस्ता तुम्हाला वाटतो तेवढा वाईट नाही. आम्ही उमरेडला तर्री पोहे खाल्ले, मग भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत दुपारी गडचिरोली गाठलं. मुक्काम करायचा तर इथेच करा, साध्या लॉजची खोली हजाराच्या आतबाहेर मिळते. पेट्रोल आणि रोख पैसे इथेच घेऊन ठेवा. धानोऱ्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो, नंतर मुरमाचा, आणि नंतर रस्ता आहे असं आपण समजून घ्यायचं. फोनची रेंज केव्हा गेली ते मला कळलंही नाही, कारण मोहाचा वास गाडीत शिरला होता आणि मी काच खाली करून तोच घेत बसले होते.

आम्ही उतरलो रैनूभाऊकडे. डॉक्टरसाहेबांचा हा जुना स्नेही, धानाची शेती करतो आणि यंदा गावच्या ग्रामसभेचा अध्यक्ष आहे. मनोऱ्यावर जायचं तर ग्रामसभेला विचारावं लागतं, ते त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. रात्री भात, वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असं झकास जेवण झालं. वाढायला त्याची आई होती, सोमारीबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, आणि जीभ माझ्याहून तिखट. आमचं लगेच जमलं.

जेवताना मायलेकाचं जुंपलं. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वाळलेल्या पानांत सापडत नाहीत. म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यातूनच वणवे लागतात. यंदा रैनूभाऊनं ग्रामसभेत ठरावच करून घेतला, की मोहाखाली कोणी काडी लावायची नाही, पानं झाडूनच काढायची. सोमारीबाईचं म्हणणं, ठराव करणाऱ्यांनी एक दिवस झाडून दाखवावं. रैनूभाऊ हसला आणि विषय बदलला.

सकाळी उठलो तेव्हा ती टोपली घेऊन गेलेली होती. इथे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तिचं झाड नाल्याच्या अलीकडे, मनोऱ्याच्या पहाडीवरून दिसणाऱ्या उतारावर होतं.

मनोऱ्यापर्यंत तासाभराची चाल आहे. साग उघडा पडलेला, पायाखाली पानांचा असा थर की त्यांच्या कुरकुरण्यात बोलणं ऐकू येईना. वाघाचा वावर आहे, तेव्हा गावातला माणूस घेतल्याशिवाय जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते. मनोरा खाली दगडी, वर लोखंडी, टोकाला पत्र्याचं छप्पर. शिडीच्या काही पायऱ्या गंजून गेल्यात, काही तारेनं बांधल्यात. हौस माझी, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. रामनाम घेत चढले. वर पोचल्यावर मात्र सगळं विसरले. धावडा, ऐन, बांबू, मधूनच मोहाचे हिरवे झुबके, आणि त्यापलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगा. मी फोटो काढत होते. रैनूभाऊ एकदम कठड्याला रेलला.

उतारावर धूर उठत होता. आधी चुलीतून निघावा तेवढा, आणि आम्ही बघता बघता जाड आणि काळा झाला.

"ते मायचं झाड आहे," तो म्हणाला. त्यानं खिशातला फोन काढला.

वरती रेंज होती. त्यानं गावात फोन लावून पोरांना पानं उडवायची ब्लोअर यंत्रं घेऊन निघायला सांगितलं. पण गावाकडून त्यांना तासभर लागणार, आणि आम्ही जवळ होतो. त्यानं मला विचारलं, ताई, तुम्ही उतरू शकाल का लवकर? मी शिडीकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं, की नाही. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की तेच बरं. जंगलात शिरल्यावर आग कुठे आहे हे कळत नाही, नुसता धूर डोळ्यांत जातो. वर कोणीतरी लागणारच होतं.

माझी पिवळी ओढणी काढायला लावून त्यानं मला सांगितलं, "उजवा-डावा नका करू, गडबड होते. आमी नाल्याकडून जायचं असंन तं नाल्याकडे हालवा. पहाडीकडून, तं पहाडीकडे. आग सामने आली तं डोक्यावर फिरवा, आमी मांगं येतो." आणि तो आणि आमचे डॉक्टरसाहेब उतरून पळत सुटले. डॉक्टरसाहेब पळताना मी पहिल्यांदाच पाहिले. एरवी मी त्यावर काहीतरी बोलले असते.

मग मी एकटी. वारा नाल्याच्या दिशेनं होता. धुरानं मोहाचं झाड झाकून टाकलं, खाली माणूस असेल तर दिसणं शक्यच नव्हतं. ते दोघं नेहमीच्या वाटेनं, म्हणजे नाल्याकडून निघाले होते आणि आग तिकडेच सरकत होती. मी पहाडीकडे ओढणी हलवली. ते सागाच्या आड गेले. दिसले तेव्हा अजून नाल्याकडेच. मी ओरडले, पण एवढ्या लांब आवाज कसला पोचतो. नाल्याकाठचा बांबू पेटला, फटाफट फुटू लागला. मी ओढणी डोक्यावर फिरवायला लागले. ते थांबले. रैनूभाऊनं वर पाहिलं. मी पुन्हा पहाडीकडे, दोन्ही हातांनी, खांदे भरून आले तरी हलवत राहिले, आणि ते वळले. देवाची शपथ, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. म्हातारी जिवंत आहे का, आणि या दोघांना मी कशात पाठवतेय, एवढंच डोक्यात होतं.

नंतर ते धुरात गेले आणि मला कोणीच दिसेना. तरी मी हात थांबवला नाही. कोणासाठी हलवत होते कोण जाणे.

पुढचं मला डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. सोमारीबाई झाडाखाली जळून काळ्या झालेल्या जागेच्या मधोमध टोपली पोटाशी धरून बसली होती. काळ्या जमिनीवर आग परत येत नाही. चोहीकडे धूर, आणि ती पदर तोंडाला लावून बसलेली. रैनूभाऊनं तिला उचलून पाठीवर घेतलं तर म्हणाली, आधी टोपली घे. तेव्हा तो तिच्यावर असा ओरडला की डॉक्टरसाहेबांनी मान वळवली. मग तोच तिच्या पायाशी बसून रडला. ती जागा तिनंच जाळली होती. झाडताना कंबर धरली, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून काडी लावली, वाऱ्यानं ठिणगी उडाली.

गावातल्या पोरांनी दुपारपर्यंत आग नाल्यावर अडवली. संध्याकाळी ग्रामसभा बसली. आग कोणी लावली हे आम्हा चौघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ते तसंच राहील. कोणी विचारायच्या आधी रैनूभाऊ उभा राहिला.

"आग माह्या मायनं लावली," तो म्हणाला. "ठराव मीच आनला होता. जे सगळ्याइले, तेच तिले."

सोमारीबाईनं मान हलवली आणि हो म्हटलं. त्या झाडाचा यंदाचा सगळा मोह ग्रामसभेला द्यायचा ठरला. तिनं मान्य केलं, पण त्या रात्री मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. मला तिचा राग आला आणि त्याचाही. सकाळी निघताना दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते.

घरी आल्यावर आठवडाभर माझे खांदे दुखत होते. लोक फोटो मागत होते, मी दाखवत होते, पण बोलावंसं वाटत नव्हतं. मायलेकात मी उगाच साक्षीदार झाले, असं वाटत राहायचं. तुम्हाला जायचं असेल तर पाऊस संपल्यावर जा. वणव्याच्या दिवसांत तो मनोरा बघायची जागा नाही.

परवा रैनूभाऊचा फोन आला, धानोऱ्याच्या बाजारातून. मी आधी विचारलं, आई बोलते का तुमच्याशी? तो म्हणाला, कालपासून बोलते, आणि फोन तिच्याकडे दिला.

"बाई, मी तुले वरून दिसत होती का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही हो, नुसता धूर दिसत होता.

"मले तं तू दिसत होती. धूर फाटला का पिवरं पिवरं हालून राह्यलं होतं." ती जरा थांबली. "मी नाल्याकडे पळायले उठली होती. मंग म्हनलं, टावरवर कोनी आहे, मंजे पोरगा येऊन राह्यला. मंग तिथीच बसून राह्यली."

नाल्याकाठचा बांबू त्या वेळी कसा पेटला होता, ते मी वरून पाहिलं होतं. तिला काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात फरशीवरच बसून रडले. डॉक्टरसाहेब धावत आले, काय झालं म्हणून विचारायला लागले. मी त्यांना सांगितलं, काही नाही, सोमारीबाई बरी आहे.